बियांपासून लावलेला उभा कॅक्टस: रोपं आडवी का होतात आणि तपासायला कुठून सुरुवात करायची

"काकू, परत झोपली हो सगळी."

जून उजाडला की हा निरोप येतोच. सोबत फोटो असतो: श्रीखंडाचा पारदर्शक डबा, आत ओली माती आणि तिच्यावर लोळत पडलेले हिरवे मणी. एप्रिलमध्ये याच डब्याचा फोटो मोठ्या कौतुकानं आलेला असतो, 'चाळीसपैकी पस्तीस उगवली' म्हणून. उगवणं हा यातला सोपा भाग आहे. कोथरूडच्या गच्चीवर मी बारा वर्षं सेरियस, पायलोसोसेरियस, मिर्टिलोकॅक्टस असे खांबासारखे वाढणारे कॅक्टस बियांपासून करते आहे. त्यातली पहिली चार वर्षं माझीही रोपं अशीच झोपायची. मी पाणी कमी करायचे, मग घाबरून जास्त घालायचे, मग औषध आणायचे. बिघाड बहुतेक वेळा तिसरीकडेच असायचा. पुण्यात ही रोपं तहानेनं फार कमी मरतात. कोंडलेली हवा आणि चुकलेला महिना या दोन गोष्टी त्यांना मारतात. खालची तपासणी अशा क्रमानं आहे: आधी फुकटची आणि शेवटी सुरी हातात घ्यायची.

लक्षणं

'रोपं मेली' एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. डबा खिडकीशी न्या, चष्मा लावा, घरात भिंग असेल तर तेही घ्या.

रोप मातीलगत पाणी भरल्यासारखं काचेरी दिसतं, तिथेच सुतासारखं बारीक होतं आणि पडतं. वरचा भाग अजून हिरवागार असतो. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पडतात, मग त्यांच्या शेजारची, आणि टक्कल गोल पसरत जातं. ही रोपमर. वांगी-मिरचीच्या गादीवाफ्यावर होते तीच. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम ही मातीतल्या बुरशीची मंडळी तिच्यामागे असतात.

रोप पडलेलं नाही, पण काडीसारखं लांब, फिकट पोपटी, टोकाला निमुळतं आणि एका अंगाला कललेलं आहे. हा रोग नाही, हा अंधार आहे.

रोप लालसर किंवा विटकरी झालंय, हाताला घट्ट लागतं, पण दोन महिने जागचं हललेलं नाही. एक तर ऊन जास्त होतंय, नाही तर मुळं काम करत नाहीयेत.

मातीवर हिरवा गुळगुळीत थर आहे आणि रोपं त्या थरावर ठेवल्यासारखी दिसतात, मूळ उघडं पडलेलं. हे शेवाळ.

डबा हलवला की चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडतात.

काल रोपं होती, आज नाहीत, मेलेलीसुद्धा नाहीत. डब्याच्या कडेला वाळलेली चकचकीत रेघ शोधा. गोगलगाय एका रात्रीत चाळीस रोपं संपवते, आणि पावसाळ्यात ती दुसऱ्या मजल्यावरही पोचते.

वर्ष-दोन वर्षांच्या रोपांची लक्षणं निराळी असतात. खांबाला मध्येच कंबर पडते, शेंड्यावर गंज चढल्यासारखं दिसतं, काट्यांच्या बुडाशी कापूस दिसतो किंवा खोड खालून तपकिरी होतं. या शेवटच्यावरून घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात. बोटानं दाबून बघा. कडक, कोरडं, सालीसारखं लागलं तर ते वयानं आलेलं लाकूडपण आहे, त्याला काही करायचं नाही. बोट आत गेलं किंवा वास आला तर सड आहे, आणि मग घाई करायची.

आधी तारीख बघा

याला पैसा लागत नाही, म्हणूनच कुणी करत नाही. डब्यावर पेरणीची तारीख लिहिली आहे का? (आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलनं लिहा. मार्कर उन्हात उडून जातो.)

मार्चअखेर पेरलेलं बी एप्रिलमध्ये उगवतं. मे महिना डब्यातच जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि जी माती दोन दिवसांत सुकायची ती आठवडाभर ओली राहते. तेव्हा रोप असतं दोन महिन्यांचं, मऊ, बंद डब्यात लाडात वाढलेलं. ते बुरशीपुढे टिकत नाही. म्हणून मी पेरणी घटस्थापनेच्या सुमारास करते. धान्य घटात, कॅक्टस डब्यात. परतीचा पाऊस आटोपत आलेला असतो, ऑक्टोबरची उष्मा असते, आणि उगवणीला हवं असलेलं २१ ते ३० अंश तापमान आपोआप मिळतं. सेरियस आठवड्यात दिसायला लागतो, बाकीचे दोन-तीन आठवड्यांत. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांवर उतरल्या की वाढ मंदावते, तेव्हा मी डबे फ्रिजच्या डोक्यावर ठेवते. पुढचा पाऊस येईपर्यंत रोपं आठ महिन्यांची, काटे धरलेली, थोडी राठ झालेली असतात. ज्यांनी शिवरात्रीनंतर पेरलंय त्यांनी पहिला अख्खा पावसाळा रोपं छपराखालीच ठेवायची, 'थोडं पावसाचं पाणी मिळू दे' असा मोह आवरायचा.

तारखेबरोबर जातही बघा. 'वाढतच नाही' ही तक्रार सग्वारोबद्दल असेल तर तक्रारच रद्द. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात तो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर होतो, आणि फांदी फुटायला पन्नास-साठ वर्षं सहज जातात. घरात लाड केले तर थोडा पळतो, पण सेरियससारखा नाही. म्हातारबाबासारखा पांढरा केसाळ सेफॅलोसेरियसही सावकाश चालतो. सेरियस मात्र वर्षात बोटभर झाला नाही तर पुढे वाचा.

उजेड: तीच खिडकी, पण तोच उजेड नाही

ही गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन वर्षं गेली. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरमध्ये ऊन फरशीवर चार फूट आत येतं. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या खिडकीत रोपं हिवाळाभर मजेत होती, त्याच खिडकीत मेपासून थेट ऊन येतच नाही. वर ढग आणि इमारतीचा सज्जा. आपण डबा हलवलेला नसतो, म्हणून आपल्याला वाटतं काही बदललं नाही. रोप मात्र उजेड शोधत लांबत जातं, पातळ होतं, आणि पातळ रोपाला बुरशी आधी धरते. लांबलेलं रोप आणि मेलेलं रोप ही पुष्कळदा एकाच गोष्टीची दोन टोकं असतात.

तपासायचं कसं? दुपारी बारा वाजता रोपांच्या वर वीतभर हात धरा. सावलीची कड पुसट पण ओळखू येईल अशी असेल तर पहिल्या वर्षाला तेवढं बरोबर. सावलीच पडत नसेल तर अंधार आहे. सावली सुरीनं कापल्यासारखी असेल तर ऊन जास्त आहे.

ऊन जास्त कसं, कॅक्टस तर वाळवंटातला? हा प्रश्न दर वेळी येतो. मोठा खांब उन्हात उभा असतो हे खरं, पण त्याचं बाळपण सावलीत गेलेलं असतं. सग्वारोचं रोप पालोव्हर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली जगतं, उघड्यावरचं बहुतेक करपतं. आपल्याकडे ते काम पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट करते. दुसऱ्या वर्षी सकाळचं ऊन, तिसऱ्या वर्षी जास्त. तेही दिवाळीनंतर वाढवत न्यायचं. एप्रिलमध्ये एकदम गच्चीवर नेलं तर एका दुपारीत पांढरा चट्टा पडतो, आणि खांबावरचा चट्टा जन्मभर राहतो.

खिडकीच चांगली नसेल तर साधी वीस वॉटची पांढरी एलईडी पट्टी रोपांच्या वीतभर वर टांगा आणि बारा-चौदा तास चालू ठेवा. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे लागत नाहीत.

झाकण

सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बंद डब्यात पेरायची पद्धत चांगली आहे. आतली हवा दमट राहते, बी सुकत नाही, महिनाभर पाणी घालावं लागत नाही. पण त्या डब्याचं झाकण कधी आणि कसं काढायचं हे कुणी सांगत नाही. काही जण ते काढतच नाहीत, कारण आत रोपं छान दिसतात. काही जण एका रविवारी सकाळी पूर्ण काढतात.

एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की झाकण एकदम काढलं तर संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. रोपाचं मूळ तेवढ्याच थरात असतं. रोप आक्रसतं, आपण घाबरून भरपूर पाणी शिंपडतो आणि झाकण परत लावतो. आता आत दुखावलेली रोपं, साचलेलं पाणी आणि थांबलेली हवा. तीन दिवसांत पहिलं टक्कल दिसतं. जुलैमध्ये उलटं होतं. झाकण काढलं तरी बाहेरची हवा आतल्याइतकीच दमट असते, त्यामुळे काढून न काढल्यासारखंच.

माझी पद्धत अशी. उगवण थांबली आणि रोपांना पहिले काटे दिसले, म्हणजे साधारण सहा आठवडे झाले, की झाकणाला सुईनं दहा भोकं पाडते. चार दिवसांनी आणखी दहा. मग एका कोपऱ्यात काडी घालून झाकण किंचित उचलते. मग अर्धं. पूर्ण काढेपर्यंत दोन-अडीच आठवडे जातात. शेवाळ किंवा बुरशी आधीच दिसली तर सहा आठवड्यांची वाट बघायची नाही, त्या दिवसापासून भोकं सुरू.

तपासणी म्हणून एवढंच करा: झाकण उचलून वास घ्या. पहिल्या पावसासारखा मातीचा वास ठीक. आंबट, कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा वास म्हणजे हवा कोंडली आहे. झाकणाला सतत मोठे थेंब लटकत असतील तर पाणी जास्त आहे. थेंब पडतात तिथेच रोपं आधी मरतात, हे एकदा डोळ्यांनी बघा म्हणजे पटेल.

पावसाळ्यात भोकांनी भागत नाही. खोलीतला छताचा पंखा हळू चालू ठेवा किंवा संगणकाचा जुना छोटा पंखा डब्याशेजारी लावा. रोपमर सुरू झालेली असली तरी पहिला उपाय हाच: मेलेली रोपं भोवतालच्या मातीसकट चमच्यानं उचलून कचऱ्यात, झाकण बाजूला, पंखा चालू. दालचिनीची पूड मी दोन वर्षं टाकून पाहिली. डबा छान वासायचा, रोपं तशीच पडायची.

पाणी

दोन गोष्टी बघायच्या, किती आणि कुठलं.

तीन महिन्यांपर्यंत माती कोरडीठाक होऊ द्यायची नाही, पण चिखलही नको. वरून झारीनं पाणी घातलं तर रोपं उखडतात आणि मानेशी पाणी साचतं. डबा परातीतल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, वरची माती गडद झाली की काढा. त्यासाठी डब्याला खाली भोकं हवीत. भोकं आहेत ना? हसू नका, मी भोकं नसलेले डबे पाहिलेत. झाकण पूर्ण निघाल्यावर मातीचा रंग फिका पडला की पुढचं पाणी. शंका असेल त्या दिवशी नको. आक्रसलेलं रोप पाणी मिळालं की दोन दिवसांत फुगतं, रोपमर झालेलं परत उठत नाही.

आता कुठलं. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी चालतं, बादलीत रात्रभर ठेवून वापरा. टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं. मातीवर पांढरी खर चढते, मुळं हळूहळू काम थांबवतात आणि रोप लालसर होऊन बसून राहतं. त्यावर लोक काय करतात, तर आरओ मशीनचं सोडलेलं पाणी झाडांना घालतात. वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. त्यानं फरशी पुसा. रोपांना त्याच मशीनचं प्यायचं, शुद्ध पाणी द्या, एका डब्याला लागतं किती? नाही तर पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा.

बी

पेरल्यावर आठवड्यातच बियांभोवती पांढरी बुरशी आली तर दोष बहुधा बियांच्या अंगचा गर आहे. फळातून काढलेलं बी नीट धुतलेलं नसतं. तुळशीबागेत मिळते तसली बारीक जाळीची चहाची गाळणी घ्या, नळाखाली बोटानं चोळून गर पूर्ण घालवा, कागदावर सावलीत वाळवा. पेरताना बी पुरायचं नाही, वर टेकवायचं. याला उगवायला उजेड लागतो.

एकदा मी ऑनलाइन 'मिश्र कॅक्टस बी' मागवलं. पाण्यात टाकल्यावर प्रत्येक बीभोवती जेली आली. सब्जा होता. सरबत करून प्यायलो. सेरियसचं बी मोहरीएवढं, काळं, किंचित चपटं असतं. क्लाइस्टोकॅक्टस या दुसऱ्या उभ्या कॅक्टसचं खसखशीइतकं. फुगून बुळबुळीत होणारं बी कॅक्टसचं नाही. परदेशातून मागवायचं असेल तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. 'गिफ्ट' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

माती

इथून पुढे थोडे पैसे आणि एक रविवार लागतो.

नर्सरीतून आणलेलं तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ते या रोपांसाठी नाही. लाडू लगेच फुटला पाहिजे. पुण्याच्या आसपासची काळी माती तर अजिबात नको. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि भेगेबरोबर केसाएवढं मूळ तुटतं. कोकोपीट सगळे भरभरून घालतात, कारण हलकं आणि स्वस्त. वरून सुकलेलं दिसतं, आत ओलं असतं. शिवाय काळ्या माश्यांना ते फार आवडतं. गांडूळखतही त्यांना तितकंच आवडतं.

माझं मिश्रण: चाळलेली लाल माती एक वाटी, खडीची बारीक कच किंवा विटांचा चुरा दोन वाट्या, नीट कुजलेला पालापाचोळा अर्धी वाटी. कच बांधकामाच्या दुकानात मिळते, सात पाण्यांनी धुवा. तिची भुकटी तशीच राहिली तर ती सिमेंटसारखी बसते. बी पेरल्यावर वरून जोंधळ्याएवढ्या खड्यांचा विरळ एकेरी थर, मध्ये फटी राहतील असा. त्यानं शेवाळ कमी धरतं आणि रोपाला टेकायला आधार मिळतो. डबा निदान सहा-सात सेंटीमीटर खोल हवा, उभ्या कॅक्टसची मुळं लवकर खाली जातात.

मिश्रण वाफवणं टाळू नका. ओलसर मिश्रण स्टीलच्या डब्यात भरून कुकरमध्ये शिट्टी काढून घ्या आणि अर्धा तास वाफ द्या. माश्यांची अंडी, शेवाळ, तणाचं बी, बुरशी यांपैकी बरंचसं त्यात जातं. घराला दिवसभर उकडलेल्या मातीचा वास येतो, त्यामुळे जुना कुकर वेगळा काढा. मी सासूबाईंच्या वरणाच्या कुकरात केलं होतं, त्याची आठवण अजून निघते. गार झाल्यावर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर चांगलंच, पण मग त्याच डब्यात बुरशीनाशक ओतू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं.

बुरशीनाशकाचंही सांगून टाकते. हवा, पाणी, उजेड सुधारूनही टक्कल पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ग्रॅम, परातीत घालून खालून द्यायचं, आधी एकाच डब्याला. पाकिटावरच्या प्रमाणाच्या वर जाऊ नका आणि स्वयंपाकाची परात वापरू नका.

माश्या, ढेकूण, कोळी

काळ्या माश्या स्वतः काही करत नाहीत, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं आणि मान खातात. अळ्या आहेत का हे बघायला कच्च्या बटाट्याची चकती रात्रभर मातीवर ठेवा आणि सकाळी उलटून बघा. पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या की पिवळे चिकट कागद लावा आणि मोठ्या रोपांची माती वरून सुकू द्या. रोपं लहान असतील तर बीटीआय नावाचं डासांच्या अळ्यांसाठी मिळणारं जैविक औषध पाण्यातून द्या.

काट्यांच्या बुडाशी दिसणारा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो दिसला तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून टिपायचा, संध्याकाळी, उन्हात नाही. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली तर ढेकूण शोधाच, त्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. शेंड्यावरचा गंज बहुतेक वेळा लाल कोळ्याचा असतो. तो एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत येतो, आणि संध्याकाळी पाण्याचा फवारा मारत राहिलं तर बराच आटोक्यात येतो. पडलेला डाग मात्र जात नाही, नवी वाढ हिरवी येतेय का एवढंच बघायचं.

मुळं उपसून बघणं

वरचं सगळं ठीक आणि तरी रोप बसून आहे, मगच हे करा. कारण उपसलं की महिनाभराची वाढ जातेच.

रोप वाटाण्याएवढं तरी हवं. माती कोरडी असताना चमच्यानं खालून उचला. मूळ पांढरं-पिवळसर, लवचिक असेल तर जागा कमी पडली होती, एवढंच. मुळांवर पिठासारखी पांढरी पूड असेल तर मुळावरचा ढेकूण आहे: माती पूर्ण झटका, मुळं धुवा, जुनी माती फेका. मूळ तपकिरी, ओढलं की साल निघून आत दोरा उरतो, तर कुजलंय, तेवढं कापा. मग तीन-चार दिवस सावलीत ठेवून कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवड्यानं पहिलं पाणी. लहान रोप मोठ्या कुंडीत लावू नका. जितकी माती मुळांनी भरलेली नाही तितकी ओली राहते.

खताचा प्रश्न इथेच येतो, कारण बसलेल्या रोपाला लोक आधी खत घालतात. मुळं आजारी असताना खत म्हणजे जुलाब झालेल्याला श्रीखंड. मुळं चांगली असतील तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत तीन आठवड्यांतून एकदा. युरिया नको. त्यानं खांब फुगतो, मऊ होतो, कधी उभा चिरतो.

कंबर पडलेल्या खांबाचं मूळ कारण मागच्या पावसाळ्यातला अंधार असतं. बारीक भाग पुढे कधीच जाड होत नाही. काठीचा आधार द्या, नाही तर पुढच्या फेब्रुवारीत कंबरेच्या वर कापून शेंडा पुन्हा लावा.

कापणं

सड बुडापासून वर चढत असेल तर वाट बघून उपयोग नाही. सुरी स्पिरिटनं पुसा आणि सडीच्या दोन बोटं वर कापा. कापलेल्या तोंडाच्या मधोमध जे कडं दिसतं त्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असेल तर आणखी वर कापा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. सगळं स्वच्छ पांढरट-हिरवं दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग तुकडा दोन-तीन आठवडे सावलीत उभा ठेवा आणि तोंड कडक झाल्यावर लावा. पावसाळ्यात याला महिना लागतो, पंख्याखाली ठेवा.

कापल्यावर पांढरा चीक आला तर ते झाड कॅक्टसच नाही. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग युफोर्बियाच्या कुळातला आहे, दिसायला उभा कॅक्टसच वाटतो. त्याचा चीक डोळ्यात गेला तर धुवत बसण्यावर थांबू नका, भरपूर पाण्यानं धुवून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

अगदी मोजकं रोप वाचवायचं असेल तर ड्रॅगन फ्रूटच्या खोडावर कलम करता येतं. ते खोड कुठल्याही नर्सरीत मिळतं आणि रोप त्यावर पळत सुटतं. पण ते उंच खांबाचं वजन पेलत नाही, वर्ष-दीड वर्षात रोप उतरवून स्वतःच्या मुळांवर आणावं लागतं. वाटाण्याएवढ्या रोपाचं कलम पहिल्यांदाच स्वतः करू नका, कलमं बांधणाऱ्या माळीबुवांकडून दोन बांधून घ्या आणि बघत बसा.

इथे थांबा

दोन दिवसांत डब्यातली एक तृतीयांश रोपं गेली आणि झाकण-पंखा करूनही पडझड चालू आहे, तर तो डबा सोडून द्या. माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, डबा साबणानं धुऊन उन्हात ठेवा, नवं बी पेरा.

तीन वेगळ्या पेरण्या, वाफवलेली माती, आणि तरी तेच होतंय? मग अंदाज पुरे. अर्धमेली आणि जिवंत अशी दोन्ही रोपं मातीसकट कागदी पिशवीत घालून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे चौकशी करा. प्लास्टिकमध्ये नेलं तर वाटेतच सगळं कुजतं, आणि त्यांना बघायला काही उरत नाही.

ढेकूण सगळ्या गच्चीभर पसरला असेल आणि दुकानदार अंतर्प्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं, कीटकनाशक हातात देत असेल, तर घरात लहान मूल, मांजर किंवा तुळस-कढीपत्ता शेजारी असताना ते स्वतः फवारू नका. परवानाधारक माणूस बोलवा आणि त्याला काय फवारणार ते आधी विचारा.

डोक्याच्या वर गेलेला खांब बुडाशी मऊ झाला असेल तर त्याला हात लावू नका. तो आतून पाण्यानं भरलेला असतो, दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड, आणि पडतो तेव्हा सांगून पडत नाही. भोवती कुणी जाणार नाही अशी दोरी बांधा आणि झाडं उतरवणारी माणसं बोलवा. वरून टप्प्याटप्प्यानं कापत येतात. अशा कुंड्या गच्चीवर वाढत चालल्या असतील आणि खालच्या मजल्यावर ओल किंवा तडा दिसत असेल, तर माळी नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर.

काटा बोटाच्या सांध्यात मोडला आणि दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर घरी सुई तापवून टोकरत बसू नका, डॉक्टरकडे जा. बारीक केसाळ काटे असतील तर आधी चिकटपट्टी लावून ओढून बघा, बरेच निघतात. डोळ्यात गेलेला काटा मात्र कुणीही घरी काढायचा नाही.